भात्यावर तपासलेला सूर

पावसाळ्यात लाकूड गरोदर असतं, असं आबा म्हणायचे. म्हणून जूनपासून दसऱ्यापर्यंत ते कुठल्याही वाद्याचा स्क्रू फिरवत नसत. आमच्या मावळात चार महिने भिंतींनाही घाम सुटलेला असतो, तेव्हा त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण गणपतीच्या तोंडावर भजनी मंडळाची माणसं बिघडलेली पेटी डोक्यावर घेऊन आली, तरी हे त्यांना दारातूनच वाटेला लावायचे. "बाळंत होऊ द्या तिला. मग आना." माणसं चिडायची, मागे वळून दोन शिव्या हासडायची आणि दसरा झाला की मुकाट्याने परत यायची. लोणावळ्यापासून तळेगावापर्यंत पेटीचा सूर लावणारं दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

घोरावाडी स्टेशनवरून दहा मिनिटांचा चढ चढला की त्यांचं घर. तिन्ही बाजूंनी सोसायट्यांचे मनोरे उभे राहिलेले आणि मधे यांची कौलारू दोन खणांची खोली. दारावर पाटी होती : पेटी, माउथ ऑर्गन, बुलबुलतरंग दुरुस्ती. घाई असणाऱ्यांनी पुण्यास जावे. पाटीखाली पत्र्याची झाकणाची बादली. मोबाइल त्या बादलीत ठेवल्याशिवाय आत प्रवेश नाही. एकदा एका गृहस्थांची बादली एकसारखी वाजत राहिली, तर यांनी उठून तीवर गोधडी टाकली आणि पुन्हा कामाला लागले.

वय ऐंशीच्या आसपास. अंगाने काटकुळे. भर मे महिन्यातही डोक्याला कान झाकणारा लोकरी मफलर. मी विचारलं तर म्हणाले, "सुतार रंधा उघड्यावर टाकतो व्हय? माझं हत्यार हे कान." सूर लावायला बसले की मफलर सोडायचे, घडी करून मांडीवर ठेवायचे, काम संपलं की पुन्हा बांधायचे. खालून गाडी जायला लागली की हातातलं काम तसंच धरून, गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत डोळे मिटून बसायचे. गावात त्यांना कोणी विक्षिप्त म्हणायचं, कोणी चक्रम. जमीनजुमल्याच्या घरातला माणूस शेती भावांवर सोडून पेट्या खोलत बसतो, हे त्यांच्या भावकीला कधीच पटलं नव्हतं. मी त्यांना आबा म्हणायचो.

मी त्यांच्याकडे गेलो तो अण्णांचा माउथ ऑर्गन घेऊन. अण्णा म्हणजे माझे वडील. रेल्वेत गँगमन होते, खांद्यावर हातोडा टाकून कान्हे ते मळवली हा पट्टा त्यांनी उभा जन्म तुडवला. आमच्या घरात माउथ ऑर्गन हा शब्द नव्हता, बाजा म्हणायचे. संध्याकाळी ड्यूटीवरून आले की अण्णा ओट्यावर बसून आधी वंदनेची चाल वाजवायचे, मग वरातीतलं काहीतरी, मग मनाला येईल ते. बाज्याच्या वरच्या पत्र्यावर त्यांनी खिळ्याने ठोके देऊन 'जय भीम' अशी अक्षरं उठवली होती. निवृत्तीनंतर तो ट्रंकेत गेला आणि तिथेच राहिला.

त्या हिवाळ्यात अण्णांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आले तेव्हा निम्मे झाले होते. डॉक्टरांनी श्वासाच्या व्यायामासाठी तीन चेंडूंचं प्लॅस्टिकचं यंत्र दिलं. अण्णांनी ते दोन दिवसांत कोपऱ्यात टाकलं. "ह्यात काय सूर हाय का? माझा बाजा काढ." काढला, तर निम्मे सूर मुके. अण्णांनी फुंकून पाहिलं, ओढून पाहिलं, आणि बाजा उशीशी ठेवून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की छाती हलती राहिली नाही तर पुन्हा दवाखाना गाठावा लागेल आणि या वयात दुसऱ्यांदा अवघड जाईल. त्यामुळे तो बाजा दुरुस्त होणं ही माझ्यासाठी हौसेची गोष्ट नव्हती. फेब्रुवारी चालू होता आणि जून लागला की आबा स्क्रूला हात लावणार नव्हते.

पहिल्या दिवशी त्यांनी बाजा हातात घेण्याआधी विचारलं, "कोण वाजवतं?"

"माझे वडील."

"शोकेसात ठेवायचा न्हाई न्हवं?"

"नाही. त्यांना वाजवायचाय."

मग त्यांनी बाजा घेतला, उजेडाकडे धरला आणि पत्र्यावरची अक्षरं वाचली. अक्षरांवरून त्यांचा अंगठा सावकाश फिरला आणि शेवटच्या अक्षरावर थांबला. आमच्यासारख्यांना असले थांबे लहानपणापासून ओळखता येतात. त्यानंतर त्यांनी खाटेखालून एक यंत्र ओढून काढलं. जुन्या पेटीचा भाता, त्याला दोन रबरी नळ्या, नळ्यांच्या टोकाला लाकडी चोची. एक नळी हवा सोडायची, दुसरी ओढायची. एका हाताने भाता हलवत त्यांनी बाज्याच्या एकेका भोकाला चोच लावली आणि कुठला सूर बोलतो, कुठला नाही ते खडूने पाटीवर लिहून घेतलं.

"वाजवून बघितलं असतं तर लवकर कळलं नसतं का?" मी म्हणालो. माझ्या आवाजात काय होतं ते त्यांना ऐकू आलंच असणार, कान तर त्यांचं हत्यार.

"आमी दुसऱ्याच्या बाज्याला तोंड लावत न्हाई," ते म्हणाले.

चढ उतरून मी स्टेशनवर आलो तेव्हा माझे कान तापले होते. मी तळेगावच्या एका कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात आहे, हाताखाली वीस माणसं आहेत, आणि तरी एका लाकडी चोचीने मला सरळ माझ्या आज्याच्या काळात नेऊन उभं केलं. बाजा परत मागून घ्यावा असं दोनदा मनात आलं. पण भिंतीकडे तोंड करून पडलेले अण्णा डोळ्यांसमोर होते. घरी मी एवढंच सांगितलं, की काम होईल.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा लोणावळ्याचे एक बंगलेवाले गाडी घेऊन आले होते. मोबाइल बादलीत टाकताना त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्यांच्याकडे नातवाचा परदेशी बनावटीचा माउथ ऑर्गन होता, मखमली पेटीतला. "कालच स्पिरिटने पुसलाय, खुशाल वाजवून बघा," ते म्हणाले. आबांनी खाटेखालून भाता ओढला. "आमी दुसऱ्याच्या बाज्याला तोंड लावत न्हाई." तोच सूर, तेच शब्द. दोन आठवड्यांनी त्यांचा सख्खा भाचा कसलासा बाजा घेऊन आला. त्यालाही चोच. देवस्थानाचे एक विश्वस्त आले, त्यांनाही चोच.

मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! आणि लाजही वाटली. एका चांगल्या माणसावर मी मनातल्या मनात केवढा आळ घेतला होता. त्या दिवशी घरी जाऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. म्हटलं, हा माणूस सगळ्यांना एका मापाने मोजतो, भाच्यालासुद्धा भाता लावतो. सांगताना मीच थोडा फुशारलो होतो. अण्णांनी ऐकून घेतलं आणि "असंल," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून मी दर रविवारी तिथे जाऊन बसायला लागलो. कामापुरतं नव्हे, उगाचच. त्यांनी बाजा उघडला तेव्हा मधल्या लाकडी पट्टीने पाणी पिऊन अंग फुगवलं होतं आणि हवेने थरथरून सूर काढणाऱ्या पितळेच्या पत्त्यांपैकी दोन मुळाशी मोडल्या होत्या. ती पट्टी त्यांनी पंधरा दिवस कोठीत तांदळाच्या पोत्यात पुरून ठेवली. "उन्हात ठिवली तर चिरंल. तांदूळ वढतो सावकाश." मोडक्या पत्त्यांच्या जागी जुन्या बाज्यांतून काढलेल्या पत्त्या बसवल्या. पत्तीच्या टोकाला कानस लावली की सूर चढतो, मुळाशी लावली की उतरतो, हे मी तिथे शिकलो. एकदा मी कारखान्यातून फट मोजायची पात्यांची गेज घेऊन गेलो. पत्ती आणि तिच्याखालचा पत्रा यांच्यातली फट किती असावी हे मापात सांगता येईल, असं मला वाटत होतं. आबांनी ती पाती उलटून पालटून पाहिली, माझ्या कौतुकाखातर एक पातं पत्तीखाली सारूनही बघितलं. "गेजवाले सायेब," ते म्हणाले, "तुमच्या कंपनीत वाजवून बघतात व्हय नट-बोल्ट?" त्यानंतर ते मला त्याच नावाने हाक मारायचे, आणि मलाही ते आवडायचं.

एप्रिलमध्ये बाजा तयार झाला. मी घरी आणला. अण्णा उठून बसले. वंदनेच्या चालीची पहिली ओळ निघाली आणि दुसऱ्या ओळीत चौथ्या भोकाचा ओढायचा सूर आला नाही. अण्णांनी पुन्हा ओढला. नुसती हवा. तिसऱ्यांदा ओढताना खोकल्याची उबळ आली, ती दहा मिनिटं थांबेना. आईने बाजा उचलून फडताळात ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं.

मी परत नेला. आबांनी चौथ्या भोकाला चोच लावली. सूर खणखणीत. मी तोंडाने ओढून बघितला, तरी खणखणीत. घरी आणला, अण्णांच्या तोंडात मुका. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी अण्णा म्हणाले, "राहू दे आता. बाज्याचं काय न्हाई, माझंच संपलं." ते शांतपणे म्हणाले म्हणून मला जास्त भीती वाटली. त्या आठवड्यात त्यांनी ओट्यावर येऊन बसणंही सोडलं.

मे संपत आला होता. लोणावळ्याकडून ढग यायला लागले होते. मी त्या रविवारी गेलो आणि अण्णा जे बोलले ते आबांना जसंच्या तसं सांगितलं.

त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. मग म्हणाले, "वाईच ओढा."

मी ओढला. वाजला.

"आता लय हळू ओढा. निजल्यालं मानूस ओढतं तसं."

मी प्रयत्न केला. एकदा वाजला, एकदा नाही. मला तो नेम साधेना.

"तुमच्या छातीत हवा लय हाय. भात्याची त्याच्याहून जास्त," ते म्हणाले. "म्या फट लावली ती भात्याच्या जोरावर. थोडी मोठी झाली. तुमच्या वडलांची हवा त्या फटीतनं नुसतीच निघून जाती. पत्ती हालतच न्हाई."

"मग बारीक करा ना फट."

"किती? वाईच जास्त बारीक केली तर पत्ती गुदमरती, मग कायबी वाजत न्हाई. ते भाता सांगत न्हाई. ते कमी हवेचं मानूसच सांगतं."

"मी अण्णांना रिक्षाने घेऊन येतो. पुढच्या रविवारी."

"नको. चढ हाय. धाप लागंल त्यास्नी." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. मग त्यांनी मफलर सोडला, पण घडी घातली नाही, तसाच हातात धरून बसले. "गेजवाले सायेब, ह्यो भाता म्या का केला, ठावं हाय?"

"स्वच्छतेसाठी."

"समदे तेच म्हंत्यात."

मग त्यांनी सांगितलं ते असं. ते विशीत होते तेव्हा गावच्या बौद्धवस्तीतला एक पोरगा त्यांचा दोस्त होता. दोघांनाही वाजवण्याचं वेड. त्या दोस्ताचा बाजा बिघडला, यांनी तो नीट केला आणि अंगणात बसून वाजवून बघितला. चुलत्याने पाहिलं. मारलं नाही, शिवीही दिली नाही. संध्याकाळी जेवायला गेले तर यांचं ताट घरात नव्हतं. बाहेर, गोठ्याच्या भिंतीला मांडलेलं होतं.

"एकच दिस," आबा म्हणाले. "दुसऱ्या दिशी ताट घरात. कुनी एक शबुद बोललं न्हाई. पन तेवढं पुरलं मला. मी काय मोठा धाडशी न्हवतो. आठ दिसांत ह्यो भाता केला. त्यो पुन्ना बाजा घेऊन आला तवा म्या भाता काढला. त्यानं बघितलं. हसला. म्हनाला, यंत्र झकास केलंस. बाजा घेऊन गेला, त्यो परत कदी आला न्हाई."

"आणि बाकीच्यांना?"

"त्याच्या मागनं दुसरा एक आला. आमच्यातलाच. त्याचा बाजा तोंडापाशी नेला आन् हात थांबला. म्हटलं, ह्याला तोंड लावलं तर त्याला का न्हाई लावलं, ते समद्या गावाला कळंल. म्हनून ह्यालाबी भाता. मग समद्यास्नीच भाता. एकाला केलं ते झाकाया समद्यास्नी केलं. लोक म्हनले, लय शिस्तीचा मानूस."

मला जो राग आला तो पहिल्या दिवशीच्या रागासारखा नव्हता. पहिल्या दिवशी मी दुखावलो होतो. आता मी फसलो होतो. या माणसाचं गुणगान मी माझ्या बापापुढे केलं होतं.

"तुमचा तो दोस्त?"

"गेला. बारा-तेरा वर्सं झाली. मातीला गेलतो मी. लांबच हुबा ऱ्हायलो."

"मग हे मला का सांगताय? मला सांगून काय होणार?"

"काय व्हनार!" ते म्हणाले. "तुमी हून भात्याचं इचारलं असतं तर न्हाईच सांगितलं असतं."

मग त्यांनी माझ्या हातातला बाजा घेतला. मी आत्ताच वाजवलेला, ओला. त्यांनी तो धोतराला पुसला नाही, झटकला नाही. तोंडाला लावला. दात नव्हते, त्यामुळे ओठ आत वळले होते आणि चौथं भोक सापडायला त्यांना वेळ लागला. त्यांनी ओढलं. नुसती हवा. त्यांनी डोळे मिटून पुन्हा ओढलं आणि मान हलवली. वरचा पत्रा काढला, नखाने पत्ती एवढीशी दाबली, पुन्हा तोंडाला लावला. असं पाच-सहा वेळा. त्यांना धाप लागली होती, कपाळावर घाम आला होता. खालून गाडी गेली, पण त्या दिवशी ते थांबले नाहीत. शेवटी एकदा इतका हलका श्वास गेला की छाती हललेलीही मला दिसली नाही, आणि सूर आला. बारीक, पण सरळ. त्यांनी तो तीनदा काढून पाहिला. चार महिने भात्याला जे सापडलं नव्हतं ते त्यांच्या थकलेल्या श्वासाला पाव तासात सापडलं.

त्यांनी पत्रा बसवला आणि बाजा माझ्यापुढे धरला.

पुढचं सांगायला मला जड जातं. मी बाजा घेतला, खिशातून रुमाल काढला आणि पुसला. आधी वरची कड, मग खालची. मग उलटा करून तळहातावर झटकला आणि पुन्हा पुसला. अण्णा नुकते दुखण्यातून उठलेले, कोणाच्याही तोंडातून आलेली वस्तू पुसूनच द्यायला हवी होती, असं मी स्वतःला सांगतो. ते खरंही आहे. पण पुसताना मी बाज्याकडे बघत नव्हतो, त्यांच्याकडे बघत होतो, आणि त्यांनी बघावं असं मला वाटत होतं.

त्यांनी बघितलं. रुमाल परत खिशात जाईपर्यंत नजर हलवली नाही. मग मफलर बांधायला घेतला. गाठ काही केल्या नीट बसेना.

"लवकर न्या," ते म्हणाले. "पाऊस यायच्या आत पोचा."

ती आमची शेवटची भेट. पावसाळ्यात ते काम करत नाहीत, तेव्हा जाऊन काय करायचं, असं म्हणून मी चार महिने गेलो नाही. खरं तर गेलं असतं तरी चाललं असतं, त्यांनी बसवून घेतलं असतं. दसऱ्यानंतर गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनने सांगितलं, आबा श्रावणातच गेले. बादली तिथेच होती, पाण्याने भरलेली. पेट्या ज्याच्या त्याला परत केल्या होत्या. भात्याचं काय झालं हे विचारायला मला तोंड नव्हतं.

पण मे महिन्यातल्या त्या रविवारी मी घरी पोचलो तेव्हा आभाळ कोरडं होतं. अण्णांना उठवून उशीला टेकवून बसवलं. बाजा हातात दिला. ते घेईनात, मी हट्टाने दिला. त्यांनी पहिली ओळ वाजवली, दुसऱ्या ओळीशी येऊन घाबरल्यासारखे थांबले, आणि मग चौथ्या भोकातून हलकेच ओढलं. सूर आला. आई स्वयंपाकघरातून पीठभरल्या हातांनी बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. अण्णांनी ती ओळ चार वेळा वाजवली. खोकला आला नाही. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

दम घेताना अण्णांनी विचारलं, "भात्यावर लावल्याला तर माझ्या तोंडात निघत न्हवता. मंग काढला कसा?"

मी सांगितलं. भाता कसा झाला, ते ताट, तो दोस्त, आणि आज त्यांनी न पुसता बाजा तोंडाला लावला, हे सगळं सांगितलं. अण्णा बाज्यावरची अक्षरं बोटाने चाचपत ऐकत होते.

"ह्या वयात," शेवटी ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "लय अवघड गेलं असंल त्यास्नी. आन् तू? तू काय केलंस?"

"मी काय करणार? घेतला आणि आलो."

"बरं केलंस," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा वंदनेची चाल सुरू केली.